कच्चे मडके

संतांचे चरित्र सांगायला बसलो की आपण त्यांचा मोठेपणा आधी सांगतो आणि दुबळी बाजू हळूच झाकून ठेवतो. ऐकणाऱ्यालाही तेच गोड वाटते. श्रीनामदेवरायांच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. भर संतमंडळीत आपण कच्चे ठरलो, ही हकीकत त्यांच्या स्वतःच्या गाथ्यात आहे. दुसरा कोणी असता तर त्याने ती पुसून टाकली असती, निदान थोडी मऊ तरी केली असती. नामदेवरायांनी ती जशीच्या तशी ठेवली. आम्ही कीर्तनकार तीवर तासच्या तास बोलतो, आणि कित्येकदा, सांगायला संकोच वाटतो, श्रोत्यांना हसवण्यासाठी बोलतो. वास्तविक तो प्रसंग हसण्याचा नाही.

शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी हा नामदेवरायांचा जन्मदिवस. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराणे शिंप्याचे, मूळचे नरसी गावचे. ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात येते. जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर विद्वानांचा वाद आहे. तो त्यांनी करावा. बालपण पंढरीत गेले एवढे आपल्याला पुरे आहे. लहानपणी वडिलांच्या वतीने नैवेद्य घेऊन गेले आणि देव जेवेना म्हणून तिथेच आकांत मांडून बसले, ही गोष्ट वारकऱ्याच्या घरातले पोरही सांगेल. देव जेवला, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण त्या पोराजवळ काय होते ते पाहा. विद्या नव्हती, मंत्र नव्हता, तप नव्हते. हट्ट होता आणि रडणे होते. दुसरे काही त्यांना कधी आलेच नाही.

प्रपंचात तर सगळा उजेडच. वडिलांनी कापड देऊन बाजारात पाठवावे, तर यांनी ते धोंड्यांना पांघरून यावे आणि पैशाला जामीन म्हणून एक धोंडा घरी घेऊन यावे! महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय ग्रंथ पुरा केला. त्यात त्या धोंड्याचे सोने झाले असे आहे. झाले असेल. पण रोज काही धोंड्याचे सोने होत नाही, आणि घरात चूल रोज पेटवावी लागते. गोणाईचा संताप आणि राजाईची कुरकुर ही दोन्ही गाथ्यात आहेत, आणि प्रपंच केलेल्या माणसाने ती वाचली तर त्या दोघींचे काही चुकले असे तो म्हणणार नाही. थोडक्यात, हा पुरुष विठोबाच्या राउळाबाहेर कोठेच उभा राहू शकत नव्हता. मूर्ती दिसेनाशी झाली की जीव कासावीस व्हायचा.

अशा नामदेवरायांना ज्ञानोबाराय तीर्थयात्रेला न्यायला आले. पंढरी सोडायची म्हणताच यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेवटी देवानेच त्यांचा हात ज्ञानोबांच्या हातात दिला, तेव्हा पाऊल निघाले. त्या यात्रेतला मारवाडचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ओसाड मुलूख, दोघेही तहानेने व्याकूळ, आणि एक विहीर सापडली ती अतोनात खोल. ज्ञानोबाराय योगिराज. त्यांनी लघिमा सिद्धीने सूक्ष्म होऊन आत जाऊन पाणी प्याले आणि नामदेवांसाठी वर आणून देऊ का म्हणून विचारले. नामदेवांना सिद्धी येत नव्हती, आणि त्याचे दुःखही नव्हते. ते काठावर बसले आणि नेहमीचेच काम त्यांनी केले, देवाला हाका मारल्या. विहीर गडगडून भरली आणि काठावरून वाहू लागली. सिद्धीने एकाची तहान भागली होती. त्या रडण्याने जे पाणी वर आले ते वाटसरूंनी प्याले, गुराढोरांनी प्याले. ज्ञानोबारायांनी त्या वेळी नामदेवांना लोटांगण घातले, यात ज्ञानोबारायांचेही मोठेपण आले.

आता पुढचा प्रसंग. चरित्रकारांत प्रसंगांचा क्रम सारखा नाही. कोणी हा आधी घेतात, कोणी यात्रेनंतर. सगळी संतमंडळी जमलेली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, सावता माळी, आणि वयाने सर्वांत वडील गोरोबाकाका. तेरचे कुंभार. जवळच त्यांचे थापटणे पडलेले होते. मुक्ताईने विचारले, काका, हे कशाला असते? काकांनी सांगितले की याने मडके थापटून पाहतात, कच्चे कोणते आणि भाजलेले कोणते ते आवाजावरून कळते. मग ती म्हणाली, इथली मडकीही पाहा की! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत चालले. सगळे मुकाट बसले. नामदेवरायांची पाळी आली, आणि ते चिडले. हा काय अतिथीचा सत्कार झाला, असे त्यांना वाटले. काकांनी निकाल दिला की एवढे मडके कच्चे आहे.

तो निकाल नुसता देवाच्या भक्ताला लागला असे नाही. ज्याच्या हाताने देव जेवला त्याला तो लागला. सगळी पंढरी ज्याला देवाचा लाडका म्हणत होती त्याला लागला, आणि विचारणारी त्यांच्याहून कितीतरी वर्षांनी लहान असलेली एक मुलगी. पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण माणूस आणि चारचौघांतला अपमान. आपण त्या जागी असतो तर काय केले असते? मी तर ज्या गावात असा अपमान झाला त्या गावचे कीर्तन पुन्हा घेतले नसते. नामदेवराय रडत पंढरीला आले आणि विठोबाकडे गाऱ्हाणे घातले. माझा देव माझ्याशी बोलतो, मग मी कच्चा कसा, हे त्यांचे दुखणे.

आणि इथे देवाने त्यांची बाजू घेतली नाही. हे फार महत्त्वाचे आहे, बरं का. लाड पुरवणारी आई एखादे वेळी पोराला मास्तरांच्याच स्वाधीन करते, तसे झाले. संत म्हणतात ते खरे आहे, गुरुवाचून तू कोरा आहेस, विसोबा खेचरांकडे जा, असे देवाने सांगितले. नामदेवराय तेथेही अडून बसू शकले असते. देव भेटल्यावर गुरू कशाला, हा युक्तिवाद काही वाईट नाही. पंडितांच्या सभेत तो सहज टिकेल. पण ते उठले आणि औंढ्या नागनाथाची वाट धरली.

देवळात जाऊन पाहतात तो एक जरठ पुरुष शंकराच्या पिंडीवर पाय टाकून खुशाल निजलेला. नामदेवराय शिस्तीचे भक्त. त्यांना राहवले नाही. त्यांनी पाय काढायला सांगितले. म्हाताऱ्याने उत्तर दिले की माझ्याने हलवत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथे पिंडी. तिसरीकडे ठेवले तर तिथेही पिंडी. देव सर्वत्र आहे हा बोध त्यातून झाला, असे आपण सांगतो आणि ते खरेच आहे. पण मला त्यात दुसरेही एक दिसते. दुसऱ्याची चूक सुधारायला म्हणून त्यांनी ते पाय धरले, आणि धरले गेले ते गुरूचे पाय.

हे विसोबा तरी कोण? मूळचे विसोबा चाटी. ज्ञानदेवादी भावंडांचा त्यांनी दुस्वास केला होता. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारवाड्यात आडकाठी केली होती. मग ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, हे चोरून पाहिले तेव्हा गर्व गळाला, आणि ते त्या मुलांचे उष्टे खायला धावले. त्या वेळी त्यांना खेचर म्हणून झिडकारण्यात आले. पुढे त्याच मुलांच्या चरणी ते लागले, अधिकारी झाले. पण तो झिडकारण्याचा शब्द त्यांनी टाकला नाही, नावाला जोडून घेतला. विसोबा खेचर! कच्चे ठरलेल्याला देवाने गुरू दिला तोही असा, ज्याचे नावच शिवीतून झाले.

आम्ही पाठशाळेत तर्कसंग्रह शिकत होतो तेव्हा पाकाचा एक वाद पाठ करावा लागे. काळे कच्चे मडके आव्यात घातले की तांबडे होते. वैशेषिक म्हणतात, अग्नीने ते मडके परमाणूंपर्यंत विस्कटते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवेच मडके बनते. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, छे! मडके तेच राहते, जागच्या जागी भाजले जाते. हा पिठरपाक. त्या वयात हा काथ्याकूट कशाला असे वाटे. नामदेवरायांचे चरित्र वाचताना मात्र मी नैयायिकांच्या बाजूला आहे. गुरुकृपेने नामदेवांचा ज्ञानदेव झाला नाही. त्यांना योग आला नाही, शास्त्रार्थ आला नाही, डोळ्यांतले पाणी आटले नाही. मडके तेच, रडणेही तेच. पण पूर्वी ते एका मूर्तीपुढे रडत. आता कुत्रे पोळी घेऊन पळाले तर ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावू लागले.

औंढ्याचीच दुसरी कथा आहे. महाशिवरात्रीला देवळासमोर कीर्तन चालले असता पुजाऱ्यांना अडचण झाली आणि त्यांनी नामदेवांना मागे जायला सांगितले. जे एका थापटण्याने चिडले होते ते या वेळी एक शब्द न बोलता देवळाच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि तिथे कीर्तन सुरू केले. देऊळ फिरले. तिथला नंदी आजही देवळाच्या मागल्या अंगाला दाखवतात.

शके १२१८, इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली तेव्हा नामदेवराय तिथे होते. समाधीची जागा झाडून पुसून तयार केली ती त्यांच्या मुलांनी, नारा, विठा, गोंदा, महादा यांनी. आणि नामदेव रडले, ऊर फुटेपर्यंत रडले. काही वेदान्ती मंडळी इथे नाक मुरडतात. आत्मा अमर आहे हे गुरूकडून कळल्यावर हा शोक कसला, असे विचारतात. त्यांना एवढेच विचारावे, की ज्ञानोबारायांच्या समाधीचा सोहळा आपल्याला कळला कोणामुळे? आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून ज्ञानदेवांचे चरित्र प्रथम गायले ते या रडणाऱ्या माणसाने. डोळे कोरडे असलेले पुष्कळ जण त्या दिवशी आळंदीत असतील. त्यांतल्या कितींचे शब्द आज आपल्या हाती आहेत?

पुढे वर्षभराच्या आतबाहेर सोपानदेव, मुक्ताई, निवृत्तिनाथ एकामागून एक गेले. नामदेवराय तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. ज्यांच्या आधाराने चालायचे ते सगळे निघून गेले, आणि मागे राहिला तो त्या मंडळीतला कच्चा ठरलेला. त्यानंतर चौपन्न वर्षे त्यांनी कीर्तन केले. पंढरीवेगळा क्षणभर जीव धरत नव्हता तो माणूस पंजाबात गेला, तिथल्या लोकांच्या बोलीत गायला, आणि परक्या मुलखात विठ्ठलाचे नाव रुजवले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे. शीख बांधवांच्या आदिग्रंथात, जो गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केला, नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत बीठल हे नाव येते. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा पुष्कळांना हे नव्याने कळले. फडावरच्या वारकऱ्याला ते आधीच ठाऊक होते.

घरातही पालट झाला. ज्या घरात चुलीवरून भांडण चाले त्या घरातली माणसे अभंग करू लागली. आणि भांडी घासणारी, दळणारी जनाबाई आज आपल्या प्रत्येक दळणाकांडणात आहे. स्वतःला कच्चे म्हणवून घेतलेल्या माणसाजवळ दुसऱ्याला बोलायची भीती वाटत नसावी.

शके १२६०, म्हणजे १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ढिगाऱ्यात हाडे कोणाची, कोण ओळखणार? नामदेवराय गेले. वय अडुसष्टाच्या घरात. एकेक हाड उचलून कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती ओटीत घेतली आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला दारात येऊ दिले नाही त्याला त्या दारासमोर कायमची जागा मिळाली. थापटण्याचा आवाज कानात बसलेला माणूसच हाडांचा असा आवाज ऐकू शकतो, असे मला वाटते.

शेवटी शके १२७२, इसवी सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी महाद्वारीच देह ठेवला. घरातली माणसेही त्यांच्याबरोबर समाधिस्थ झाली, अशी परंपरा आहे. जागा त्यांनी स्वतः मागून घेतली होती. गाभारा मागितला नाही, सभामंडप मागितला नाही. दर्शनाला येणाऱ्या संतांचे पाय अंगावर पडावेत म्हणून दाराची पहिली पायरी मागितली. त्या पायरीसमोर चोखोबा आहेत. आषाढीला लाखो माणसे त्या दाराशी येतात, पायरीला हात लावून कपाळाला लावतात, आणि पाय तेवढा जपून पलीकडे टाकतात.