संत गाडगेबाबा : आजारी आणि शोकाकुल माणसाचा सोबती

संत गाडगेबाबा यांचे नाव घेताच हातातील खराटा, मातीचे गाडगे आणि अंगावरील चिंध्यांचे वस्त्र डोळ्यांसमोर येते. ग्रामस्वच्छतेचे प्रवर्तक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या कार्याच्या दुसऱ्या एका बाजूकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. असाध्य आजाराने खिळलेला माणूस, त्याच्या उशाशी बसलेले आप्त आणि मृत्यूनंतर मागे राहिलेले कुटुंब यांचा भार एकट्या घराने वाहू नये, तो समाजाने वाटून घ्यावा, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर जोपासली. विदर्भातील खेडे असो किंवा दिल्लीतील मयूर विहारसारखी वसाहत, मृत्यू दारी आला की ज्या आधाराची गरज भासते, त्याचा विचार या अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या कीर्तनकाराने कितीतरी आधी केला होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी व्यसनाच्या आहारी गेले आणि १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी डेबूजी अवघे आठ वर्षांचे होते. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. मामाकडे गुरे राखीत आणि शेतात राबत डेबूजी मोठे झाले. पुढे कर्जापायी मामांची जमीन सावकाराकडे गेली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. व्यसनामुळे आणि कर्जामुळे घरातील कर्ता माणूस कसा जातो, हे डेबूजींनी कोवळ्या वयात दोनदा पाहिले. नंतरच्या काळात त्यांच्या कीर्तनात व्यसन आणि ऋण या दोन विषयांना जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. मुलीच्या बारशाला मांसाहार आणि मद्य देण्याची जातीतील प्रथा त्यांनी मोडली आणि पाहुण्यांना गोडाधोडाचे जेवण वाढले. जातभाईंचा रोष त्यांनी पत्करला. जन्म असो वा मृत्यू, त्या निमित्ताने होणारा खर्च गरिबाला सावकाराच्या दारात नेतो, हे त्यांनी ओळखले होते. दिवसकार्यासाठी जमीन गहाण टाकून गावजेवण घालणारे कुटुंब शोकातून बाहेर पडण्याआधीच कर्जात बुडते, म्हणून अशा जेवणावळींवर पुढे त्यांनी कीर्तनातून सातत्याने टीका केली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. गावोगाव हिंडावे, हाती खराटा घेऊन रस्ते झाडावेत, कष्टाच्या मोबदल्यात भाकरी घ्यावी आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. हातातील गाडग्यामुळे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कीर्तनात ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत. मुलांना शिकवावे, कर्ज काढू नये, देवापुढे पशुबळी देऊ नये आणि अस्पृश्यता पाळू नये, हा त्यांचा उपदेश खेड्यातील माणसाला त्याच्याच बोलीत पोहोचत असे.

१९२३ मध्ये आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन सुरू असताना त्यांचा मुलगा गोविंद याच्या निधनाचे वृत्त त्यांना मिळाले. बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. या प्रसंगाकडे अनेकदा विरक्तीचा आदर्श म्हणून पाहिले जाते. मात्र त्याला दुसरी बाजूही आहे. मुलाच्या अखेरच्या घटकेला वडील त्याच्याजवळ नव्हते. लोकसेवेसाठी घर सोडलेल्या माणसाच्या कुटुंबाला केवढी किंमत मोजावी लागली, हे या घटनेवरून दिसून येते. आपण उभारलेल्या संस्थांचा लाभ आपल्या कुटुंबाला मिळू नये, याबाबतही बाबा अत्यंत दक्ष होते.

लोकांनी दिलेल्या देणग्यांमधून बाबांनी घाट, सदावर्ते, शाळा आणि धर्मशाळा उभ्या केल्या. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे चिखलात यात्रेकरूंचे हाल होत, तेथे त्यांच्या पुढाकाराने घाट बांधण्यात आला. पंढरपूर येथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ही वास्तू पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक येथे गोदावरीच्या परिसरात त्यांची धर्मशाळा झाली. अस्थिविसर्जन आणि उत्तरक्रियेसाठी दूरदूरच्या गावांहून लोक नाशिकला येतात. शोकात असलेल्या गरीब यात्रेकरूला अशा ठिकाणी निवाऱ्याचे मोल किती असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व कार्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्यानंतर १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून आणलेला रुग्ण वॉर्डात दाखल होतो, परंतु त्याच्या सोबत आलेल्या बायकामुलांना राहायला जागा नसते. पदपथावर रात्र काढणारे नातेवाईक काही दिवसांत पैसा आणि धीर दोन्ही गमावून बसतात आणि प्रसंगी उपचार अर्धवट सोडून रुग्णाला घरी नेतात. रुग्णाची काळजी घ्यायची, तर त्याच्या सोबत्याचीही घ्यावी लागते, हा विचार या धर्मशाळेमागे होता. हीच परंपरा पुढे चालवत दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते.

भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार अशी सेवेची दहा कामे बाबांच्या नावाशी जोडली गेली आहेत. दुःखी आणि निराश माणसाला धीर देणे, हेही त्यांपैकीच एक काम आहे. सांत्वनाला अन्न आणि निवाऱ्याच्या बरोबरीचे स्थान देणारी ही यादी आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वार्तेने बाबांना मोठा आघात झाला, असे सांगितले जाते. त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावलेली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, वाटेतच त्यांची प्राणज्योत मालवली. जेथे मरण येईल तेथेच अंत्यसंस्कार करावेत, आपले स्मारक उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. अमरावती येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले आणि तो परिसर पुढे गाडगेनगर म्हणून प्रसिद्ध झाला. स्मारकाबाबतची त्यांची इच्छा मात्र अनुयायांच्या भक्तीपुढे टिकली नाही.

बाबांच्या निधनानंतर अनेक दशकांनी जगभरात ‘करुणाशील समाज’ ही संकल्पना चर्चेत आली. मरणासन्न रुग्णाची आणि शोकग्रस्त कुटुंबाची काळजी डॉक्टरांइतकीच शेजारी, शाळा आणि स्थानिक संस्था यांनी घ्यावी, असा तिचा आशय आहे. केरळमध्ये १९९३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेल्या उपशामक सेवेतून शेजारी स्वयंसेवकांचे मोठे जाळे उभे राहिले. दिल्ली परिसरातही कॅनसपोर्ट ही संस्था कर्करुग्णांना घरी जाऊन सेवा देत आली आहे.

महानगरांमध्ये ही गरज अधिक तीव्र आहे. यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली देशाच्या विविध प्रांतांतील कुटुंबे राहतात. घरात दीर्घ आजार किंवा मृत्यू उद्भवल्यास त्यांचे रक्ताचे नातलग शेकडो कोस दूर असतात. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत येथून जवळच असलेल्या गाजीपूरच्या स्मशानभूमीत जागा अपुरी पडली आणि वाहनतळातही चिता रचाव्या लागल्या. अनेकांना आपल्या माणसाला अखेरचा निरोप देण्यासाठी चार माणसे जमवणेही कठीण झाले.

अशा प्रसंगी शेजाऱ्याने करावयाची कामे साधीच असतात. रुग्णाजवळ एखादी रात्र जागावे, घरातील मुलांना जेवू घालावे, स्मशानातील व्यवस्था पाहावी आणि दिवसकार्य उरकल्यावरही महिना-दोन महिने त्या घरी जात राहावे. गाडगेबाबांनी गावोगावी लोकांना हीच सवय लावण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना विद्वत्तेची किंवा मोठ्या पदाची गरज भासली नाही.