फिलिप हेन्री गॉस : काचेच्या टाकीत समुद्र सांभाळणारा शिक्षक



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना ‘मत्स्यालय’ हा शब्द सहज सांगून जातो. पण ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ ज्यांच्यामुळे रूढ झाला त्या माणसाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकात फारसं काही नसतं. म्हणून आज फिलिप हेन्री गॉस यांची ओळख करून घेऊ या. विशेष म्हणजे ते काही काळ आपल्यासारखेच शाळामास्तर होते!

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. घरात पैसा बेताचाच. लहानपण पूल या बंदराच्या गावी गेलं. तिथे त्यांच्या आत्याला समुद्रजीवांची चांगली माहिती होती आणि भाच्याला किनाऱ्याची गोडी लागली ती तिच्यामुळेच. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कारकुनीसाठी न्यूफाउंडलंडला गेले. तिथे १८३२ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि किडे, फुलपाखरं यांचा अभ्यास सुरू केला. पुढे कॅनडात शेती करून पाहिली, ती फसली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामात त्यांनी एका छोट्या शाळेत मुलांना शिकवलं. फावल्या वेळात ते कीटकांची सुंदर रंगीत चित्रं काढत. इंग्लंडला परतल्यावर लंडनजवळ हॅकनी येथे त्यांनी स्वतःची शाळाही चालवली. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे काही शिकले ते पाहून, लिहून आणि चित्र काढून.

१८५२ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे ते पत्नी एमिली आणि छोटा मुलगा एडमंड यांना घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, शंखातल्या गोगलगायी, तांबडं-हिरवं शैवाल असं सगळं त्यांना दिसायचं. हे जग घरात काचेच्या भांड्यात जिवंत ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं. त्यासाठी गॉस यांनी समुद्रातले जीव गोळा करून पाठवले. १८५४ मध्ये त्यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघरी पोहोचला.

आता खरी अडचण ऐका. खाऱ्या पाण्याची टाकी सुरुवातीला छान दिसते. मग एक दिवस काच हिरवी होते, पाणी गढूळ होतं आणि आतले जीव एकेक करून मरू लागतात. असं का होतं? भरपूर ऊन मिळालं आणि उरलेलं अन्न किंवा मेलेले जीव पाण्यात कुजले, की सूक्ष्म शैवालाला प्रकाश आणि खत दोन्ही मिळतं. ते झपाट्याने वाढतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. शिवाय मेलेलं शैवाल कुजतानाही पाण्यातला प्राणवायू संपतो. नायट्रेट आणि फॉस्फेट यांचं गणित आज आपल्याला माहीत आहे. गॉस यांच्या काळी ते कुणी मांडलेलं नव्हतं. त्यांच्याकडे होतं फक्त निरीक्षण.

त्याआधी १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा तोल जमवून दाखवला होता. गॉस यांनी तोच विचार समुद्राच्या पाण्यात नेला. तपकिरी शैवालाच्या चिकटपणाने पाणी खराब होतं हे पाहून त्यांनी तांबडं आणि हिरवं शैवाल निवडलं. ऊन जास्त झालं तर टाकीवर सावली करावी, मेलेला जीव लगेच बाहेर काढावा, हे त्यांनी वाचकांना बजावून सांगितलं. काचेवरचं हिरवं साफ करायला त्यांनी शंखातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांच्या जिभेने काचेवर उमटणारे पट्टे त्यांना विळ्याने कापलेल्या गवताच्या ओळींसारखे वाटले. शैवालाला त्यांनी शत्रू मानलं नाही. ते किती असावं एवढाच प्रश्न होता. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजलही तयार केलं.

१८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी धर्म आणि भूशास्त्र यांचा मेळ घालणारं त्यांचं ‘ऑम्फॅलॉस’ हे पुस्तक आलं. ते ना धार्मिक लोकांना पटलं, ना शास्त्रज्ञांना. ते मुलाला घेऊन डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला गेले आणि समुद्रफुलांवरच्या मोठ्या ग्रंथाचं काम पूर्ण केलं.

एक दुःख मात्र वेगळंच होतं. त्यांची पुस्तकं वाचून हजारो लोक जाळी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. ज्या डबक्यांवर गॉस यांनी प्रेमाने लिहिलं, तीच ओरबाडली गेली. या गोष्टीने वडील किती व्यथित झाले होते, हे एडमंड यांनी १९०७ मधल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात नोंदवलं आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांचं निधन झालं.

वाचकहो, तुमच्या शाळेत किंवा घरी टाकी असेल आणि ती अचानक हिरवी झाली, तर घाबरून सगळं पाणी ओतून देऊ नका. त्याने उरलेले जीवही दगावतात. खाणं कमी करा, उजेडाचे तास कमी करा, कुजलेलं काढा, हवा खेळती ठेवा आणि थोडं थोडं पाणी बदला. मुलांना रोज वहीत नोंद करू द्या : आज काच किती हिरवी, मासे कसे पोहतात, किती खाणं घातलं. आठ-पंधरा दिवसांत कारण मुलंच शोधून काढतील.

आणि सहलीला कोकणात गेलात, तर ओहोटीच्या डबक्याभोवती मुलांना गोल बसवा. पाहू द्या, मोजू द्या, चित्र काढू द्या. पण बरणी मात्र शाळेतच ठेवून जा.