संत गाडगेबाबा : प्रश्न विचारणारे कीर्तन

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बैलबाजार, नवस आणि दुकानांच्या त्या गजबजाटात एकाने उभे राहून हजारोंना ऐकायला लावणे किती अवघड आहे, याची कल्पना तिथे येते. गाडगेबाबांनी अशाच यात्रांमधून आयुष्यभर कीर्तने केली.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. बालपण दापुरे येथे मामांच्या घरी गुरे राखण्यात व शेतीत गेले. शाळा लाभली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. हातातील गाडग्यावरून लोकांनीच त्यांना नाव दिले.

गावात आले की बाबा प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडीत. कीर्तन रात्री. तेव्हा श्रोत्यांनी त्यांना दिवसभर राबताना पाहिलेले असे, हे ध्यानात घ्या. कीर्तनात पांडित्य नव्हते, प्रश्न होते. कर्ज काढून सण करावा का, देवाने बोकड मागितला होता का, मुलांना शाळेत घालावे की नाही, अस्पृश्य मानलेल्या माणसाचे रक्त वेगळे असते का, असे ते वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि समुदाय एकमुखाने उत्तर देई. कीर्तनकाराचा उपदेश विसरता येतो. चारचौघांत आपणच मोठ्याने दिलेले उत्तर विसरणे कठीण. आमच्या मते या वाणीचे सामर्थ्य येथे आहे. प्राचीन अथेन्समध्ये सॉक्रेटिसही प्रश्नच विचारी, परंतु मोजक्या नागरिकांना; बाबांपुढे अवघी यात्रा असे.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः बाबा मात्र गाडग्यातील भाकरीवरच राहिले.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीकाठी त्यांचे निधन झाले. या कीर्तनाची संहिता मिळाली, तर ती मनात वाचू नका. मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबा. कागदावर ती जागा रिकामी दिसते, पण तेथे माणसे बोलत होती.