जॉर्ज पीबॉडी : दानातून उभी राहिलेली घरे

लंडनमध्ये आजही पीबॉडी नावाची गृहसंस्था कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने घरे देते. हे नाव ज्यांचे, ते जॉर्ज पीबॉडी १८ फेब्रुवारी १७९५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एका गरीब घरात जन्मले. शाळा जेमतेम चार वर्षे झाली. अकराव्या वर्षी ते एका दुकानात उमेदवारीला लागले. पुढे कापडाच्या व्यापारात त्यांचा जम बसला. १८३७ मध्ये ते लंडनला स्थायिक झाले आणि मोठे बँकर बनले. त्यांनी लग्न केले नाही.

त्या काळी लंडनचा कामगार कोंदट, घाणेरड्या वस्त्यांत राहत होता. एकेका खोलीत अख्खे कुटुंब, वर कॉलऱ्याच्या साथी. मार्च १८६२ मध्ये पीबॉडींनी लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंड दिले. पुढे ही रक्कम पाच लाखांवर गेली. धर्म किंवा राजकीय मत पाहून कोणालाही वगळायचे नाही, ही त्यांची अट होती. १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्स भागात पहिली इमारत उभी राहिली. भाड्यातून थोडे उत्पन्न यायचे आणि त्यातून पुढची घरे बांधली जायची. म्हणून तो निधी संपला नाही.

पण या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाडे दर आठवड्याला आगाऊ भरावे लागे. देवीची लस घेतलेली असणे सक्तीचे होते. नियम कडक होते. त्यामुळे घरे मिळाली ती बहुतेक नियमित पगार असलेल्या कामगारांना. ज्याला आज काम आहे आणि उद्या नाही, तो रोजंदारीवाला बाहेरच राहिला. दात्याने धर्माची भिंत पाडली, पण आगाऊ भाड्याची भिंत उभीच राहिली.

४ नोव्हेंबर १८६९ रोजी लंडनमध्ये पीबॉडींचे निधन झाले. काही काळ त्यांचे पार्थिव वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवले गेले. नंतर ते ब्रिटिश युद्धनौकेने मायदेशी नेण्यात आले. राणीने देऊ केलेली सरदारकी मात्र त्यांनी स्वीकारली नव्हती.

हे आपण का वाचायचे? बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. दाटीवाटीचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. आपल्याकडे दानाची परंपरा अनाथपिंडिकापासूनची. त्याच्या नावाचा अर्थच निराधारांना अन्न देणारा. आज आपल्या वस्त्यांत दुरुस्तीसाठी, पुनर्विकासासाठी वर्गणी आणि देणग्या जमतात. अशा वेळी विहार समितीने आणि तरुण कार्यकर्त्यांनी यादी करताना पहिले नाव कोणाचे लिहायचे? आगाऊ रक्कम भरू न शकणाऱ्या विधवेचे, कचरा वेचणाऱ्या कुटुंबाचे. दान तिथे पोहोचले पाहिजे. आणि जिथे दान पुरत नाही तिथे घराच्या हक्कासाठी शासनाकडे संघटितपणे मागणी केली पाहिजे. ही दोन्ही कामे आपलीच आहेत.