डॉ. बाबासाहेब आंबेडकर : ग्रंथप्रेम आणि ग्रंथप्रामाण्य

वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात एक ग्रंथ जाळणाऱ्या पुरुषाचे चरित्र यावे, हे काही सभासदांना प्रथमदर्शनी खटकेल. परंतु ज्यांनी महाडला मनुस्मृती अग्नीच्या स्वाधीन केली, त्यांनीच पुढे दादरला आपल्या ग्रंथसंग्रहासाठी 'राजगृह' बांधले. आंबेडकरांचे राजकीय कार्य व घटनानिर्मिती वाचकांना परिचित आहे. येथे विचार करावयाचा तो एकाच प्रश्नाचा: पवित्र मानलेला ग्रंथ आपल्या नीतिबुद्धीला धक्का देत असेल, तर माणसाने काय करावे?

आपल्या सीमाभागाला बाबासाहेब परके नव्हते. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. शाहू महाराज त्या परिषदेस आवर्जून उपस्थित राहिले. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीस प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडेच होते. मात्र वर सांगितलेल्या प्रश्नाचा उगम याहून पुष्कळ मागे, त्यांच्या बालपणात सापडतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते व कबीरपंथी होते. घरात भजने होत आणि मुलांनी रामायण-महाभारत वाचलेच पाहिजे असा वडिलांचा दंडक असे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक मराठीत होते, याची आम्हा सीमाभागातील वाचकांस थोडी अधिक अपूर्वाई वाटते. ते वाचून मुलाने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्रांची अवहेलना आहे, ते आपण का वाचावेत? रामजींचे उत्तर उडवाउडवीचे नव्हते. आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव. द्रोण आणि कर्ण हीन स्थितीतून केवढे उंच गेले हे मुलांनी पाहावे, असा त्यांचा हेतू होता. हेतू उदात्त होता, पण मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म-द्रोणांच्या बोलण्यात व वागण्यात त्याला विसंगती दिसे, कृष्णाचे कपट त्याला रुचेना आणि वालीचा वध व सीतेच्या वाट्यास आलेले दुःख यांमुळे रामाविषयीही त्याचे मन मोकळे होईना. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रंथ न वाचता त्याचा धिक्कार करणारा हा मुलगा नव्हता. पित्याच्या आज्ञेने पारायणे करूनच त्याच्या मनात शंका उठल्या होत्या.

शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा अस्पृश्यतेपायी अपुरी राहिली व फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केले. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला: कोणतेही मत जुने आहे म्हणून ग्राह्य नव्हे, त्याचा आजच्या जीवनाला उपयोग काय हे पाहिले पाहिजे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि पुष्कळ पुस्तके समुद्रात गेली. ग्रंथसंग्राहकाला हा घाव किती खोल लागला असेल, हे आपल्या सभासदांना निराळे सांगावयास नको.

अशा माणसाने १९२७ साली ग्रंथ का जाळावा? त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी घेतले व त्याबद्दल मार खाल्ला. तळे बाटले म्हणून त्याची शुद्धीही करण्यात आली. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. २५ तारखेच्या रात्री, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याच्या पुढाकाराने, मनुस्मृतीचे दहन झाले. शूद्राने धनसंचय करू नये, एकाच अपराधाला वर्णपरत्वे निरनिराळा दंड असावा, स्त्रीने जन्मभर कोणाच्या तरी अधीन राहावे, अशी वचने तीत आहेत. त्यांचा अर्थ सौम्य करून सांगणारे विद्वान तेव्हाही होते, आजही आहेत. बाबासाहेबांना ती तडजोड मान्य नव्हती. विदेशी कापडाच्या होळीत जसे केवळ कापड जळत नाही, तसेच हेही दहन होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच काळात त्यांच्या 'बहिष्कृत भारत' पत्राच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या छापल्या जात आणि त्यापूर्वीच्या 'मूकनायक'वर तुकोबांचा अभंग असे. सरसकट ग्रंथद्वेषाचा आरोप करणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९३५ साली येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे घोषित केले. पुढल्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावरील टीका वाचून ते संमेलनच रद्द केले. भाषणातील ते विचार गाळण्यास त्यांनी नकार दिला व स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. जात मोडावयाची तर तिला आधार देणाऱ्या शास्त्रांवरील श्रद्धा प्रथम सुटली पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र. नियमांचा धर्म हा वस्तुतः कायदा होय, खरा धर्म तत्त्वांचा असतो, असा भेदही त्यांनी तेथे केला. धर्मच नको असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. समाजाला नीतीचे बंधन हवेच, ही त्यांची श्रद्धा होती; त्यामुळे निव्वळ नास्तिकांनाही ते पुरते आपले वाटले नाहीत.

१९५० साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मानावी आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण भाग येथून सुरू होतो. दुसऱ्याच्या ग्रंथाला कसोटी लावणे सोपे. ज्या धर्माचा आपण स्वीकार करणार त्याच्या ग्रंथांना तीच कसोटी लावणे अवघड. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना त्यांनी ते केले. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा त्यांनी बाजूस सारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने ही दृश्ये तोवर पाहिलीच नसतील, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा त्यांनी कारण म्हणून पुढे आणला. आजचे दारिद्र्य हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, हा विचार त्यांनी बुद्धाचा मानला नाही. पुनर्जन्माचा अर्थही देहातील भूतद्रव्ये व ऊर्जा यांच्या अविनाशित्वाशी जोडला. बुद्धाचे म्हणून जे सांगितले जाते त्यातले बुद्धीला न पटणारे त्याचे नसावे, असा निकष त्यांनी ठरविला. पाली परंपरेच्या अभ्यासकांना हे स्वातंत्र्य मानवले नाही आणि ग्रंथावर टीका झाली. निकष ठरवणारा स्वतःच वाचक असला, की मूळ वचन कोणते आणि वाचकाची इच्छा कोणती हे सांगणे कठीण होते, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु नव्या धर्माला त्यांनी सूट दिली नाही, हेही तितकेच खरे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दिल्लीतील निवासस्थानी ५ डिसेंबरच्या रात्री या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागवून घेतले होते. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला; पण जिच्यात रामायण-महाभारताविषयी वडिलांशी झालेला तो संवाद त्यांनी नोंदवला होता, ती प्रस्तावना त्या आवृत्तीत छापली गेली नाही. वाचकांच्या हाती ती पुष्कळ वर्षांनी आली.