किल्ली कोणाकडे?

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधून दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप गेला. फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून मीच रेक्टर सरांच्या मागे लागलो आणि मागच्या जिन्याच्या ग्रिलला रात्री कुलूप लावायचं ठरवून घेतलं. किल्ली माझ्याकडे. चोऱ्या थांबल्या, पोरं खूश, मीही खूश. मग इंडस्ट्रियल सेफ्टीच्या सेमिनारला फ्रान्सिस पर्किन्स हा विषय माझ्या वाट्याला आला आणि माझी झोपच उडाली.

पर्किन्सबाईंचा जन्म १८८० चा, बोस्टनचा. माउंट होलिओक कॉलेजात मुख्य विषय फिजिक्स, म्हणजे आपल्यासारख्याच सायन्सवाल्या! तिथे एका प्राध्यापिकेने मुलींना जवळच्या गिरण्या-कारखाने बघायला पाठवलं. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो ते रिपोर्टच्या मार्कांसाठी. बाईंच्या मात्र तिथली माणसं डोक्यात बसली. १९०२ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी नोकरी करत करत कामगारांचे प्रश्न अभ्यासले.

२५ मार्च १९११, शनिवार. बाई न्यूयॉर्कमध्ये एका ओळखीच्यांकडे चहाला गेल्या होत्या. आगीचा गलका ऐकून त्या धावत गेल्या. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होती. अग्निशमन दलाच्या शिड्या तिथवर पोचत नव्हत्या. बाईंच्या डोळ्यांदेखत मुली खिडक्यांतून उड्या मारत होत्या. १४६ जणांचा जीव गेला. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. का? तर कामगारांनी माल चोरू नये, सुटताना एकाच दाराशी सगळ्यांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून!

हे वाचलं तेव्हा माझी किल्ली टेबलावर समोरच पडली होती.

पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. कामाच्या वेळेत दाराला कुलूप नको, हा कायदा तेव्हाही होता. मालकांवर खटला झाला. पण त्या वेळी दार बंद असल्याचं मालकांना माहीत होतं, हे काही सिद्ध होईना. डिसेंबर १९११ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. म्हणजे ज्याच्या हातात कारभार, त्याला माहीत नव्हतं म्हणून तो मोकळा!

बाईंनी पुढची वर्षं हीच पळवाट बुजवण्यात घालवली. राज्याने नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाच्या सदस्यांना त्या थेट कारखान्यांत घेऊन गेल्या. एका ठिकाणी सुटकेचा मार्ग म्हणजे भिंतीतलं एक भोक आणि बाहेर बर्फाने माखलेली लोखंडी शिडी, तीही जमिनीच्या बारा फूट वर संपलेली. बाईंनी आयोगाचे अध्यक्ष वॅग्नर यांना त्या भोकातूनच रांगत जायला लावलं! कागदावरचा फायर एस्केप आणि खरा फायर एस्केप यांतला फरक त्यांना चांगलाच कळला असणार. त्यानंतरच्या काही वर्षांत आगीची रंगीत तालीम, स्प्रिंकलर असे नियम झाले. कारखाना चालवणाऱ्याने काय करायचं, हे नेमकं लिहिलं गेलं.

१९३३ मध्ये बाई अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. तब्बल बारा वर्षं त्या पदावर होत्या. आपल्याकडे भोपाळ १९८४ ला घडलं आणि कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कारखान्याच्या ताबेदारावर टाकणारं कलम १९८७ मध्ये आलं. कायद्याला जाग यायला आधी माणसं मरावी लागतात की काय, असं वाटून जातं.

म्हातारपणी बाई कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होत्या आणि राहत होत्या चक्क विद्यार्थ्यांच्या निवासात, टेल्युराइड हाउसमध्ये. १९६५ मध्ये त्या गेल्या.

मित्रांनो, उद्या आपल्यातले बरेच जण शॉप फ्लोअरवर इंजिनिअर, मॅनेजर होतील. तिथे 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर नाही, कारण माहीत करून घेणं हेच आपलं काम असणार आहे. माझ्या बाबतीत तर तेही उत्तर नव्हतं, कारण कुलूप मीच लावत होतो आणि सुट्टीत घरी जाताना किल्ली दोनदा बॅगेत गेली होती.

मी सरांना हे सगळं सांगितलं. आता ग्रिलला आतून उघडणारी कडी आहे, आणि वॉचमनकाकांचा रात्री एक राउंड वाढलाय. सेमिनारला मार्क बेताचेच पडले. पण झोप मात्र लागते.