पालगडचे साने गुरुजी

गेल्या दोन शिमग्यांत आमच्या गावची पालखी देवळाबाहेर पडली नाही. मान कोणत्या वाडीचा, यावरून वाद झाला, पोलीस आले, आणि आता सहाणेवर गवत वाढले आहे. दोन्ही वाड्यांत माझे नातलग. कॉलेजात शिकणारा म्हणून दोघांनीही माझे मत विचारले. मी मात्र गप्प बसलो. ही टोचणी मनात असतानाच दापोली तालुक्यातील पालगडला जाण्याचा योग आला. तेथे साने गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे.

तोवर गुरुजी म्हणजे 'श्यामची आई' आणि डोळ्यांतले पाणी, एवढीच माझी ओळख होती. घर पाहून परतल्यावर ग्रंथालयातून त्यांचे चरित्र आणले, आणि मला निराळेच गुरुजी भेटले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घराणे खोतांचे, पण वाट्याला गरिबी आली. दापोली, औंध, पुणे असे हाल सोसत शिक्षण झाले. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहातील मुलांची आईच बनले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याहून त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हलविण्यात आले. तेथे दक्षिणेकडील निरनिराळ्या भाषांचे सत्याग्रही होते. एकाच देशासाठी तुरुंगात आलेल्या माणसांना एकमेकांची भाषा कळू नये, याचे गुरुजींना दुःख झाले. ते तमिळ शिकले; पुढे 'कुरल'चे मराठी भाषांतरही त्यांनी केले. आंतरभारतीचे बी पडले ते त्या कोठडीत.

मला सर्वांत विचार करायला लावला तो पंढरपूरचा प्रसंग. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४६ च्या कार्तिकीला ते उपोषणास बसणार होते. सेनापती बापटांनी त्यांना थांबविले आणि आधी लोकांकडे जायचे ठरले. पुढचे सहा महिने महाराष्ट्रभर दौरा झाला. राष्ट्र सेवा दलाची कलापथके गावोगाव हिंडली. सभा झाल्या, कितीतरी गावांनी आपापली देवळे आणि पाणवठे खुले केले. त्यानंतर १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणास बसले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिराचे दार सर्वांना उघडले.

म्हणजे दहा दिवसांच्या उपोषणामागे सहा महिन्यांची पायपीट होती. गुरुजी एकटे नव्हते. सेवादलाची मुले, मठाचे महाराज, सेनापती, गावोगावचे कार्यकर्ते अशी नाना तऱ्हेची माणसे एकत्र आली होती. नुसत्या अश्रूंनी ते दार उघडले नसते.

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भाषावार प्रांतांची चर्चा तापू लागली होती. भाषेचे प्रेम चांगले, पण त्याचे वैर होऊ नये, ही त्यांची चिंता. म्हणून १९४९ च्या पुण्यातील साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतोप्रांतीच्या तरुणांनी एकत्र राहावे आणि एकमेकांची भाषा, गाणी, साहित्य शिकावे, म्हणजे भांडणाआधीच ओळख होईल, असा तो विचार होता. रवींद्रनाथांची विश्वभारती त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

हे काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. इतरांना धीर देणाऱ्या या माणसाला आपले दुःख आवरले नाही, हे वाचताना मन सुन्न होते. पण काम थांबले नाही. १९८५ साली बाबा आमटे तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवरून भारत जोडो यात्रेला निघाले. माझ्या मते ती याच वाटेवरची पावले होती.

कोणी म्हणेल, कुठे पंढरपूर आणि कुठे आमची पालखी! पण तंटा लहान असो वा मोठा, आधी माणसांकडे जावे लागते. आमच्या दोन्ही वाड्यांची मुंबईत वेगवेगळी मंडळे आहेत, गावात महिला मंडळ आहे, तरुणांचा क्रिकेटचा संघ आहे. त्या संघात मात्र दोन्ही वाड्यांची पोरे अजून एकत्र खेळतात. गणपतीला चाकरमानी येतील, तेव्हा या सर्वांना एका पडवीत बसवायचे मी ठरविले आहे. यश येईल की नाही, ठाऊक नाही. पण या खेपेस मी गप्प बसणार नाही.